साय

गफूर, तू विचारलंस म्हणून सांगतो,
नाहीतर अहमदपुरात कोण खरं मानणार
की पंचायत समितीचा रिटायर हातपंप मेकॅनिक
समुद्रात जाऊन आला.

भाचीची बदली. नर्स आहे ना ती.
बेटं अशी, की नकाशावर माशीनं घाण केल्यासारखे ठिपके
आणि भोवती सगळा निळा कागद.
बोट अकरा दिवसांनी, तीही इंजिनाची मर्जी असली तर.
तीन दिवस धक्क्यावर बसलो,
किनगाव फाट्यावर बसावं तसा, पिशवी उशाला घेऊन.
चौकशीच्या खिडकीत मांजर झोपलेलं.

उतरलो तर लॉज नाही, हॉटेल नाही.
इथं बघण्यासारखं काय आहे, विचारलं,
तर पोरं एकमेकांकडे बघाय लागली,
मग एकानं माझ्याकडंच बोट केलं.
शाळेच्या वर्गात झोपायला दिलं.
फळ्यावर अर्धं गणित,
रात्री वाऱ्यानं खडूचा भुगा अंगावर.
बाहेर एवढं पाणी,
आणि रांग नाही, घागर नाही, भांडण नाही.
मला झोपच येईना.

मी मासा खात नाही म्हटल्यावर
शेजारची कुंजीबी फार हळहळली.
भाचीला हळूच विचारलं म्हणे,
जन्मापासून असंच आहे का यांना?

आणि मग शाळेमागं हातपंप दिसला.
आपलाच रे. तोच दांडा, तेच ओतीव नाक,
दांडा काथ्यानं आवळून बांधलेला.
तुला माझे हात माहीत आहेत.
तू जीप हाकायचास, मी मागं पाईप धरून,
कुठला तांडा सोडला आपण?
बंद पंप दिसला की ते माझं ऐकत नाहीत.
वायसर कुजलेला. दुकान कुठलं तिथं.
डाव्या पायातली चप्पल काढली,
कातडं गोल कापलं दाढीच्या ब्लेडनं,
रात्रभर खोबरेलात भिजवलं.
सकाळी दांडा मारला. सात, आठ, नऊ,
आलं! पोरं नाचली.
मी उभा, एका पायात चप्पल, छाती फुगवून.

कुंजीबी आली. ओंजळ भरली, चाखली,
काही न बोलता माझ्यापुढं धरली.

खारट.

रागावली नाही. मनगट धरून विहिरीवर नेलं.
विहीर कसली, वाकलं की हात पोचेल एवढी.
तिनं करवंटी आडवी केली,
झोपल्या लेकराच्या तोंडावरची माशी उठवावी
इतक्या हलक्या हातानं
वरचंवर पाणी उचललं.
गोड होतं.

भाची म्हणाली, मामा, खाली समुद्रच आहे.
पावसाचं पाणी त्याच्यावर नुसतं तरंगतं,
जोरानं ओढलं की मोडतं.
पुन्हा धरायला किती दिवस, विचारलं.
तिनं कुंजीबीला विचारलं.
कुंजीबीनं आभाळाकडं बघितलं.

पंप बिघडला नव्हता, गफूर.
बांधून ठेवला होता.

मीच परत बांधला. तीन गाठी मारल्या.
पोरं लांबून बघत होती.
बोट यायला अजून आठ दिवस होते
आणि वाळू दुपारी कशी तापते ते विचारू नको.
एका पोरीनं माडाच्या झावळीची चप्पल विणून दिली,
धक्क्यापर्यंत पण टिकली नाही.

परवा थोडगा रोडला बोअरची गाडी रात्रभर.
सातशे फूट, साडेसातशे, नुसता फुफाटा.
लोक खुर्च्या टाकून बसलेले.
काका, तुम्ही जाणकार, लागेल का सांगा.
म्हटलं, मी रिटायर झालो बाबांनो.

घरी रांजणात तांब्या बुडवताना
हात आपोआप आडवा होतो.
बायको विचारते, मनगटाला काय झालं?

उजवी चप्पल दारातच आहे अजून.
फेकून द्या म्हणते ती, एकीचं काय करणार.
डावी तिथं आहे, पाईपात, रुपयाएवढी गोल,
गोड्याच्या खाली, खाऱ्याच्या वर कुठंतरी.

घे, चहा घे. साय धरली बघ त्याच्यावर.